सभागृहात खुला झालेला पूल

भारत सरकारशी भारत सरकारच्याच भाषेत भांडू शकेल असा माणूस या देशात एकच आहे, आणि तो आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याला हायवेच्या कडेला दोर, ताडपत्री आणि फवारणी पंपाचे वॉशर विकतो. तो माझ्या ताईचा सासरा आहे, म्हणजे आमचे मामाजी. बाकी आपण सगळे सरकारला शिव्या देतो, सरकारपुढे हात जोडतो, नाहीतर सरकार गेलं खड्ड्यात असं म्हणून त्याच खड्ड्यातून गाडी काढतो. मामाजी यातलं काहीच करत नाहीत. मामाजी प्रश्न विचारतात. साधा प्रश्न नव्हे. संसदेत विचारतात तसा, (क), (ख), (ग) असे भाग पाडलेला, "हे खरे आहे काय"पासून सुरू होणारा आणि "नसल्यास, त्याची कारणे काय"वर संपणारा. स्पष्टच सांगते, सुरुवातीला हा माणूस माझ्या डोक्यात जायचा. मी मावल्याची, आदिलाबाद शहराला लागूनच्या. आमचा पोरापोरींचा एक गट आहे. आम्ही पत्रकं काढतो, मोर्चे काढतो, कलेक्टर ऑफिससमोर घसा बसेपर्यंत ओरडतो. नुसतं विचारून या जगात काही मिळतं यावर माझा विश्वास नाही. ओरडून काही मिळतं यावर मामाजींचा नाही. तरी आमचं जमतं, कारण दोघांचाही एका गोष्टीवर विश्वास आहे: गप्प बसून तर नक्कीच काही मिळत नाही.

अधिवेशन सुरू असलं की अकराच्या ठोक्याला दुकानातला टीव्ही लागतो आणि विक्री बंद होते. शटर उघडं असतं, माल समोर लटकत असतो, गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभं असतं, पण बारापर्यंत मामाजी कोणाला काही विकत नाहीत, कारण सभागृहात प्रश्नोत्तराचा तास चालू आहे. "पटेल, एक वॉशर द्या ना जी, पंप गळून राह्यला," असं कोणी काकुळतीनं म्हणालं, तर टीव्हीवरची नजर न काढता ते सांगतात, "शून्य प्रहरात या." बिचारा फवारणी अर्धी सोडून आलेला असतो. शून्य प्रहर म्हणजे बारानंतर, हे आता इचोड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. एकदा नागपूरकडून आलेल्या ट्रकचा ड्रायव्हर दोर मागायला उतरला. मागचा माल सुटत आला होता, त्याला घाई. मामाजींनी त्याला स्टूल दिलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "भाईसाब, अभी मंत्रीजी खड़े हैं. बंदरगाह का सवाल है. उनका होने दो." ड्रायव्हर बसला. बसला तो बारापर्यंत बसला, आणि परतीच्या खेपेला मुद्दाम गाडी थांबवून विचारत होता, "चाचा, वो बंदरगाह वाले का क्या हुआ?" त्या दिवशी मामाजींच्या डोळ्यांत जे पाणी आलं, ते पोराच्या लग्नातही आलं नव्हतं. मी होते ना तिथं, मला माहीत आहे.

गावी घरात तर कहरच. संसदेत कोणी कोणाशी थेट बोलत नाही, जे बोलायचं ते अध्यक्षांना उद्देशून. मामाजींच्या घरी अध्यक्ष म्हणजे बैठकीतला छताचा पंखा. जेवता जेवता ते ताट बाजूला सारून उभे राहतात, वर बघतात आणि म्हणतात, "अध्यक्ष महोदय, माया चिरंजीवानं मोटारसायकलची चाबी पुन्हा हरपवली, हे खरं हाय काय, असल्यास, ती शेवटी कोणाच्या खिशात सापडली, अन् नसल्यास, पोरगं सकाळपासून पायी काऊन फिरून राह्यलं?" चिरंजीव, म्हणजे आमचे भाऊजी, मान खाली घालून भाकर मोडत बसतात. लाइट गेली, पंखा थांबला, की सभागृह तहकूब. उन्हाळ्यात भाऊजी हळूच उठून मेन स्विच पाडून येतात असा माझा संशय आहे, पण पुरावा नाही. मामीजींनी मात्र हेच शास्त्र उत्तराच्या बाजूनं आत्मसात केलंय, आणि खरं सांगायचं तर त्या कोणत्याही मंत्र्याला घरी बसवतील. "वरणात मीठ जास्त पडलं, हे खरं हाय काय?" "अंशतः खरं हाय." "असल्यास, यापुढं काय उपाययोजना?" "बाब विचाराधीन हाय. आता गुमान जेवा." एकदा मामाजींनी विचारलं की दसऱ्याला माहेरी किती दिवस राहणार. मामीजी पदर खोचत म्हणाल्या, "माहिती गोळा करणं सुरू हाय," आणि बॅग घेऊन बसमध्ये बसल्या. माहिती दिवाळीपर्यंत गोळा होत होती.

आमची ओळखच मुळी एका प्रश्नानं झाली. ताईला बघायला ही मंडळी मावल्याला आली, तेव्हा बाकीचे चिवडा खात होते आणि मामाजी उभे राहिले. आमच्या बाबांना वाटलं पाणी पाहिजे असेल. मामाजींनी आमच्या पंख्याकडे बघून घसा खाकरला. "(क) मुलीले सैपाक येते, हे खरं हाय काय, (ख) असल्यास, तपशील, (ग) नसल्यास, आमच्या पोराले चांगला सैपाक येते, तर मुलीची त्याले काही हरकत हाय काय?" आई तर रडकुंडीला आली. ताई मात्र ताठ बसून म्हणाली, "पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचा संबंध नाही. तिसऱ्याची हरकत नाही." मामाजी बसले, चिवड्याची बशी हातात घेतली आणि म्हणाले, "समाधानकारक." लग्न ठरलं. असला माणूस आपल्या नात्यात आला म्हणून मी त्या दिवशी उशीवर तोंड दाबून हसले, आणि ताई सुखात राहील हेही मला त्याच दिवशी कळलं.

माझ्या पत्रकांवर त्यांचा फार राग. मी दिलेलं प्रत्येक पत्रक ते चष्मा पुसून, शेवटच्या ओळीतल्या मुद्रकाच्या नावापर्यंत वाचतात, आणि मग खिशातला लाल पेन काढतात. "इथी 'निषेध' तीनदा काऊन लेहेला?" "जोर यावा म्हणून." "जोर कोणावर? पोरी, उद्गारचिन्हाले उत्तर द्यायचं बंधन सरकारवर नाही. प्रश्नचिन्हाले हाय." असं म्हणून ते माझी सगळी उद्गारचिन्हं खोडतात आणि तिथं 'कधीपर्यंत?' असं लिहितात. मी पण काही कमी नाही. "मामाजी, तुमच्या प्रश्नचिन्हानं आजपर्यंत एक तरी खड्डा बुजला काय?" "खड्डा नाही बुजला," ते शांतपणे म्हणतात, "पण खड्डा हाय हे त्यायले लेखी कबूल करा लागलं." एवढं करून हा गृहस्थ उभ्या जन्मात दिल्लीला गेलेला नाही. मी एकदा म्हटलं, चला, आमचं आंदोलन आहे जंतरमंतरला, तिकीट मी काढते. तर म्हणाले, "आत बसाले मी सदस्य नाही, अन् बाहेर उभं राहाले मी रिकामा नाही."

सदस्य नसले तरी सदस्यांची वानवा नव्हती. प्रश्न कोणत्याही खासदाराला देता येतो, तो आपल्याच मतदारसंघाचा पाहिजे असं नाही, हे मामाजींना तोंडपाठ. खासदारापर्यंत पोचायचं दार म्हणजे त्याचा पीए, आणि असा एक पीए मामाजींना कुठं भेटावा, तर बासरला, सरस्वतीच्या रांगेत. नातवाचा अक्षराभ्यास होता, पाटीवर पहिलं अक्षर गिरवायचा. पुढं एक माणूस आपल्या लेकीला कडेवर घेऊन उभा. मूळचा नांदेडचा, कुठल्याशा लांबच्या खासदाराकडे पीए. मामाजींनी रांग संपेपर्यंत त्याला आपले सगळे प्रश्न ऐकवले. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली, पण तो माणूस जागा राहिला, आणि निघताना स्वतःहून नंबर देऊन गेला. मामीजींच्या मते देवीनं त्या दिवशी नातवाला अक्षर दिलं आणि आजोबांना पीए दिला. नातू आणि पीए, दोघांपैकी कोणाच्या डोक्याला जास्त ताप झाला ते देवीलाच ठाऊक.

आता मुद्द्यावर येते, कारण मला रागवायला मुद्दा लागतो. यांच्या गावाच्या आणि इचोड्याच्या मधे एक नाला आहे. उन्हाळ्यात त्यात कुत्रं पाय ओले न करता जातं, आणि पावसाळा लागला की माणूस, बैल, टेम्पो, सगळे अल्याड. त्या नाल्यावर पूल आहे. हो, आहे! हेच तर दुखणं. सरकारी योजनेतून खांब उभे झाले, खांबांवर स्लॅब पडला, आणि कंत्राटदार गेला. दोन्ही बाजूंनी पुलावर चढायचा रस्ताच केला नाही. त्यामुळे नाल्याच्या मधोमध तो पूल एखाद्या भल्यामोठ्या टेबलासारखा उभा. कंत्राटदारानं टाकून दिलेल्या दगडांच्या ढिगावरून शेळ्या तेवढ्या वर चढायच्या आणि पुलाच्या मधोमध उन्हात बसून रवंथ करायच्या. दर निवडणुकीत कोणीतरी येऊन त्या पुलाकडे बोट दाखवून जायचा. बोट दाखवायला पूल फारच सोयीचा होता.

आणि अल्याड गावात कापूस. आमच्याकडं वेचणी लागते तेव्हाही परतीचा पाऊस नाल्यात असतो. वेचलेला कापूस घरात येऊन पडतो, बैठक भरते, मग सैपाकघराचा कोपरा भरतो, मग माणसं कापसावरच झोपतात. मऊ लागतं, पण अंगाला खाज सुटते, आणि कापूस पिवळा पडतो. त्यात सरकारनं बाहेरच्या देशातून येणाऱ्या कापसावरचं आयात शुल्क काढलं. गिरण्यांना बाहेरच्या गाठी मिळाल्या, इकडं भाव बसला. आमचा कापूस नाला उतरून बाजारात पोचेपर्यंत व्यापारी हात झटकून मोकळे. भाऊजींनी दोन हंगाम हे सोसलं. तिसऱ्या वर्षी पेरणी करतानाच ते ताईला म्हणाले, आणि ताईनं मला सांगितलं: यंदाचा कापूस वेळेवर पलीकडं गेला तर राहायचं, नाही तर शेत मक्त्यानं द्यायचं आणि पोराला घेऊन हैदराबाद गाठायचं. तिथं ओळखीच्याच्या गोदामात काम होतं. हे मामाजींना कोणी सांगितलं नव्हतं. पण ज्या घरात पंख्याला सुद्धा सगळं कळतं, तिथं काय लपतं?

मामाजींनी प्रश्न लिहिला. आजवरचा त्यांचा सगळ्यात लहान प्रश्न. "(क) परदेशातील कापूस समुद्र ओलांडून ज्या मुदतीत गिरणीत पोचतो, त्या मुदतीत आदिलाबाद जिल्ह्यातील कापूस एक नाला ओलांडू शकत नाही, हे खरे आहे काय, (ख) असल्यास, समुद्रावरचे शुल्क काढण्याआधी नाल्यावरचा पूल जोडण्याचा सरकारचा विचार आहे काय, (ग) नसल्यास, त्याची कारणे काय?" मी तो दोनदा वाचला. माझ्या सगळ्या पत्रकांत मिळून एवढा दम नव्हता. पण पीएचा फोन आला. मामाजींनी स्पीकरवर टाकला. "काका, प्रश्न भारी आहे, पण चालणार नाही. नियमात आहे, प्रश्नात उपरोध नको."

"उपरोध? कुठी हाय उपरोध?"

"ते समुद्र आणि नाल्याचं."

"अहो, ते अंतर हाय! मी जलमात कधी उपरोध केला नाही जी. माया बायकोले विचारा."

आतून मामीजींचा आवाज आला, "खरं हाय, भाऊ. यायले ते जमतच नाही."

पीए पोट धरून हसला असेल, पण नियम तो नियम. त्यात आणखी एक अडचण: पूल एका मंत्रालयाचा, शुल्क दुसऱ्याचं. एका प्रश्नात दोन मंत्री बसत नाहीत. "एकच प्रश्न हाय तो," मामाजी किती वेळ सांगत राहिले, "माया पोराले दोन तरास नाही होऊन राह्यले, एकच होऊन राह्यला." शेवटी त्यांनी आपल्या हातानं प्रश्नाचे दोन तुकडे केले. कणा काढलेल्या मासोळीसारखे दिसत होते ते दोन्ही तुकडे. शुल्काचा प्रश्न तोंडी उत्तरासाठी, म्हणजे तारांकित. पुलाचा लेखी उत्तरासाठी. तारांकितांची चिठ्ठी निघते, आणि बघा नशीब, यांची निघाली.

त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गावचे लोक आले होते, शेजारचा चहावाला आपली किटली घेऊन आला होता, मी मावल्याहून आमच्या गटासकट आले होते. मामाजी इस्त्रीचा सदरा घालून, पूरक प्रश्न पाठ करून बसले होते. जणू खासदाराच्या कानात इथूनच सांगणार होते. अकरा वाजले. आणि अकरावर एकच मिनिट होतं न होतं तोच विरोधी बाकावरचे सदस्य फलक घेऊन पुढं धावले. घोषणा कसल्या? कापसाच्याच! शुल्क परत लावा, कापूस वाचवा! मी स्टुलावर उभी राहून टाळ्या पिटल्या. आमची पोरं दुकानातच घोषणा द्यायला लागली. तिकडं अध्यक्ष "बैठिए, बैठिए" म्हणतायत, इकडं मामाजी बोटांवर नंबर मोजतायत. प्रश्नाचा नंबर जवळ येत होता. आला नाही. कामकाज तहकूब. दुकानात माझा आवाज टिपेला: "मामाजी, अख्ख्या देशानं ऐकलं!"

"ऐकलं," मामाजी म्हणाले. "उत्तर कोणी देल्लं?"

मग टीव्हीकडं बोट करून ते मला म्हणाले, "पोरी, मंत्री उभा व्हाले तयार होता व. यायनं त्याले बसाले जागा करून देल्ली." मी अजूनही म्हणते, घोषणा बरोबरच होत्या. पण चहावाल्यानं त्या दिवशी कोणाकडून पैसे घेतले नाहीत, यावरून दुकानात काय अवकळा पसरली होती ते समजा.

पुलाचं उत्तर त्याच आठवड्यात आलं. मी मोबाइलवर काढलं तेव्हा आम्ही नाल्याच्या काठावरच होतो. वरून पाणी आलेलं, मामाजी दुकानातून परतताना अडकलेले, मी ताईकडं निघालेली. मी मोठ्यानं वाचलं, "(क) आणि (ख): सदर पुलाचे काम पूर्ण झाले असून तो वाहतुकीसाठी खुला आहे. (ग): प्रश्न उद्भवत नाही." समोर पाण्याच्या मधोमध पूल उभा होता. त्यावर एक शेळी उभी होती. माझ्या डोक्याची शीर तडकली. मी शिव्या द्यायला तोंड उघडलं, आणि बघते तर मामाजी हसतायत! खजिना सापडल्यासारखे. "खोटं हाय! सभागृहात लेखी खोटं! पोरी, तुले मालूम हाय काय, आता दुरुस्ती मागता येते. मंत्र्याले निवेदन करा लागते, की माझं उत्तर चुकलं. पटलावर! कायमचं!" भर पावसात तो साठी उलटलेला माणूस चिखलात जागच्या जागी नाचत होता. तारुण्यापासून ते हेच मागत आले होते. पूल नव्हे, सरकारच्या तोंडून, सरकारच्या कागदावर, "चुकलो" एवढा एक शब्द.

दुरुस्ती मागणारी सूचना लिहून झाली. अर्ध्या इचोड्याला ती तोंडपाठ झाली. त्यामुळे ती एई साहेबांच्या, म्हणजे पुलाचं काम ज्यांच्याकडं होतं त्या तरुण इंजिनिअरच्या कानावर गेली यात नवल नाही. तो नुकताच इथं बदलून आलेला. बाराला दोन मिनिटं कमी असताना आला, आणि बारा वाजेपर्यंत गुपचूप उभा राहिला, यावरून माणूस समजदार असावा. मग म्हणाला, "पटेल, मेरी सुनो. ये सवाल गया तो इन्क्वायरी बैठती. इन्क्वायरी बैठी तो काम कू हात कोई नई लगाता. फाइल बंद, बिल बंद, दो साल गए. नई भेजे तो मैं दोनों बाजू मुरूम डालके, रोलर फिराके देतौं. कापूस निकलने के पहले. जुबान देतौं."

"जवाब झूटा है," मामाजी म्हणाले.

"हौ, झूटा है," तो म्हणाला. "तो उसकू सच करतौं ना मैं."

मी तिथंच होते. मी त्या इंजिनिअरला काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. मामाजींना म्हटलं, पाठवा! आत्ता पाठवा! यांना उघडं पाडायची हीच वेळ आहे! त्यांनी दुकान बंद केलं, तेही सभागृह चालू असताना. घरी गेले, मागोमाग मीही. जेवणं झाल्यावर उभे राहिले, वर बघितलं आणि पंख्यापुढं दोन्ही बाजू मांडल्या. इंजिनिअरची सुद्धा, अगदी प्रामाणिकपणे. पंखा फिरत होता. ताई भांडी घासता घासता म्हणाली, "मामाजी, मले मंत्र्याचं चुकलं म्हणणं नाही पायजे. मले तुमच्या पोराचा टेम्पो पलीकडं गेलेला पायजे." भाऊजी मात्र उलटं बोलले. टोमणा नव्हता त्यात, हेच वाईट. "बाबा, तुमी भेजा. तुमी किती वर्षापासून वाट पाहून राह्यले. आमी जाऊ हैदराबादले. आमचं काय, कुठी बी होते." मामाजी बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी पूरक प्रश्न विचारला नाही.

सकाळी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, त्यांनी उभ्यानं पीएला फोन लावला. "सूचना मागं घेतो जी." पलीकडून त्यानं विचारलं, काय झालं काका? "कारण देणं बंधनकारक नाही," मामाजी म्हणाले आणि फोन ठेवला. मामीजी दाराशी उभ्या होत्या. "चहा घेता काय?" त्यांनी विचारलं. "दे," ते म्हणाले. त्या घरात एवढा साधा प्रश्न आणि एवढं साधं उत्तर मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मी भडकलेच. बरेच दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि बोलले तेव्हा तोंडावर बोलले: "मामाजी, तुम्ही खोटं खपवून घेतलं." ते ताडपत्रीची घडी घालत होते. म्हणाले, "खपवून नाही घेतलं, पोरी. खोट्याले खोटं राहूच देल्लं नाही." मला हे पटलेलं नाही. आजही नाही. त्या कागदावर अमुक तारखेला पूल खुला होता असं आहे, आणि नव्हता, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. ते कुठंतरी लिहिलेलं असावं म्हणून तर हे लिहितेय.

इंजिनिअर शब्दाला जागला, हे मात्र कबूल करायला हवं. डंपर आले, मुरूम पडला, रोलर फिरला, शेळ्यांनी निषेध नोंदवला. उद्घाटनाचं तर असं झालं की फीत कापायला पुढारी तयार होऊन बसले, आणि इंजिनिअरनं सगळ्यांचे पाय धरले. जो पूल संसदेच्या कागदावर कधीचाच खुला आहे, त्याचं उद्घाटन आज कसं करणार? आमच्या जिल्ह्यात फीत न कापता, भाषण न होता, हार न घालता खुला झालेला हा एकमेव पूल असेल. मामाजींना या गोष्टीचं एवढं हसू आलं की ठसका लागून मामीजींना पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. शुल्काचं काय झालं? त्याचा प्रश्न ते दर अधिवेशनाला पाठवतात, चिठ्ठी निघत नाही. त्याबद्दल मी इथं लिहीत नाही, नाही तर याचं पत्रक होईल आणि मामाजी लाल पेन काढतील.

कापसाचा पहिला टेम्पो निघायचा होता त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मामाजी सकाळपासून नाल्याच्या काठावर उभे होते. मला म्हणाले, इथंच, याच चिंचेखाली, पाणी उतरायची वाट बघत माणसं तासन्‌तास बसायची. अर्ध्या गावाची सोयरीक इथं जुळली, भांडणं इथं लागली, इथंच मिटली. भाऊजी लहान होते तेव्हा शाळेचे कपडे भिजू नयेत म्हणून मामाजी त्यांना खांद्यावर बसवून पलीकडं न्यायचे. "डोक्याचे केस पकडून बसे," ते म्हणाले, "मधात पाणी खोल लागलं की जास्त जोरानं पकडे."

तेवढ्यात टेम्पो आला. कापूस वरपर्यंत भरून त्यावर जाळी ताणलेली, पुढं भाऊजी, शेजारी ताई, मधे पोरगं. उतार चढून तो सरळ पुलावर आला. भाऊजींनी हॉर्न दिला, ताईनं हात हलवला, मामाजींनी हात वर केला, आणि गाडी निघून गेली. मागून दोन मोटारसायकली गेल्या, त्याही तशाच.

"थांबला नाही व?" मामाजींनी मला विचारलं.

"कशाला थांबतील, मामाजी? पूल झाला ना."

"हो," ते म्हणाले. "ते बी खरंच हाय."

टेम्पो इचोड्याच्या वळणाला लागून दिसेनासा झाला, तरी त्यांचा हात वरच होता.